पीपीओतील पत्नीचे नाव आणि जन्मतारीख : दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न : मी १९७६ साली सैन्यात भरती झालो आणि २४ वर्षांची सेवा पूर्ण करून २००० साली हवालदार या हुद्द्यावरून निवृत्त झालो. माझे लग्न १९८२ साली झाले. माझ्या पीपीओमध्ये (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशात) पत्नीचे माहेरचे नाव आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगने, आणि तिच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे. आधार, पॅन, बँकेचे संयुक्त खाते व रेशनकार्ड या सर्वांवर सासरचे नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जून १९६२ आहे. आधारवर मात्र १ जानेवारी १९६० लागली आहे. माझी स्वतःची जन्मतारीख सैन्याच्या नोंदीत आणि आधारवर १९५६ ची आहे, पण अलीकडे तहसील कार्यालयातील जुन्या नोंदवहीत ती १९५७ ची सापडली. स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर पत्नीची माहिती जुळत नाही असे दिसते. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) पत्र पाठवले होते, त्याचे उत्तर आले नाही. तालुक्याला एक जण हे सगळे करून देण्याचे आठ हजार रुपये मागतो. त्याला पैसे द्यावेत, की सरळ वकील गाठावा?
(एक माजी सैनिक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर :

आदरणीय हवालदार साहेब, जय हिंद.

आपण चार गोष्टी एकाच पत्रात विचारल्या आहेत आणि माझा असा अंदाज आहे, की दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड ऑफिसला लिहिलेल्या पत्रातही त्या चारही एकत्रच होत्या. तसे असेल तर उत्तर न येण्याचे एक कारण तिथेच सापडते. ज्या पत्रात स्वतःची जन्मतारीख, पत्नीचे नाव, पत्नीची जन्मतारीख आणि स्पर्शची तक्रार अशा सगळ्या बाबी येतात, ते पत्र कार्यालयात कोणत्या टेबलावर जावे हेच ठरत नाही. म्हणून आधी क्रम लावू. पत्नीचे नाव पहिले, तिची जन्मतारीख दुसरी आणि स्पर्श तिसरे. आपल्या स्वतःच्या जन्मतारखेचा विषय मात्र कायमचा बाजूला ठेवावा, असे मी आपणास स्पष्टपणे सुचवतो.

तो विषय आधीच संपवून टाकू. भरतीच्या वेळी लिहिलेली जन्मतारीख सरकारी सेवेत अंतिम मानली जाते. मुलकी कर्मचाऱ्यांना ती बदलून मागण्यासाठी सेवेत आल्यापासून पाच वर्षांची मुदत असते आणि उशिरा केलेल्या मागणीला थारा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली भारत सरकार विरुद्ध हरनाम सिंग या प्रकरणात सांगितले आहे. लष्कराची पद्धत याहून सैल नाही, आणि आपण तर निवृत्त होऊनही पाव शतक उलटले आहे. शिवाय या बदलातून आपल्या पदरात काय पडणार, याचाही विचार करावा. आपण २४ वर्षांची सेवा भरल्यामुळे घरी आलात, वयोमर्यादेमुळे नव्हे. त्यामुळे १९५७ साल सिद्ध झाले तरी सेवा एका दिवसानेही वाढत नाही. उलट वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ती आपल्याला एक वर्ष उशिरा मिळेल. आपल्या आधारवरही १९५६ हेच साल आहे, म्हणजे आपले कागद एकमेकांशी जुळतात. जुळलेले कागद आपल्या हाताने विसकटू नयेत. तहसीलमधला तो उतारा घरात जपून ठेवावा, अर्जाला जोडू नये.

आता पत्नीच्या नावाकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि तो आपल्या हयातीतच सुटला पाहिजे. आज आपले निवृत्तिवेतन दरमहा बिनबोभाट जमा होते, म्हणून ही चूक कागदावरची वाटते. आपल्या पश्चात मात्र कुटुंब निवृत्तिवेतन ज्या नावाने मंजूर आहे, ती स्त्री मीच, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्या पत्नीवर येईल. आज आपण स्वतःच्या सहीने, सेवा क्रमांकासह, शपथेवर सांगू शकता की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती माझी पत्नी आहे. या विधानाला जो आधार आपल्या सहीने मिळतो, तो उद्या सरपंचाच्या दाखल्याने किंवा शेजाऱ्यांच्या जबाबाने मिळत नाही. त्या वेळी चौकशी होते, कागद तहसील आणि पोलीस ठाण्यात फिरतात आणि तेवढे महिने घरात पैसे येत नाहीत. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास वाढीव दराचे, म्हणजे वेतनाच्या ५० टक्के, कुटुंब निवृत्तिवेतन सात वर्षे किंवा सैनिकाचे वय ६७ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर मिळते. आपण ते वय ओलांडले आहे. म्हणजे आपल्या पत्नीला सुरुवातीपासून ३० टक्के दरानेच रक्कम मिळेल. दरमहा किमान ९,००० रुपये आणि त्यावर महागाईची रक्कम, एवढा तिचा हक्क आहे. पण त्यात अडकून पडलेल्या महिन्यांचा भार सोसण्याइतका वाव नसतो, हे आपण जाणताच.

नाव चुकले कसे, हे कळल्याशिवाय दुरुस्तीची वाट कळत नाही. मी स्वतः युनिटच्या ऑफिसात बरीच वर्षे कारकून होतो, त्यामुळे या चुकीचा जन्म मी जवळून पाहिला आहे. जवान लग्नाची सुटी संपवून परत येई आणि पुराव्यादाखल लग्नपत्रिका टेबलावर ठेवी. पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' या अक्षरांपुढे वधूचे माहेरचे नाव आणि तिच्या वडिलांचे नाव छापलेले असे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने जे नवे नाव लिहिले गेले, ते पत्रिकेत कुठून येणार? कारकून बहुधा हिंदी भाषक असे. तो पत्रिकेवरचे मराठी नाव इंग्रजीत आपल्या उच्चाराप्रमाणे उतरवी. मग कुसुमची कुसम होई, आणि कुणाच्या नावापुढे न मागता 'देवी' किंवा 'बाई' लागे. त्यावरून विवाहाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीतील बदलाचा लेखी आदेश, निघे, ती रेकॉर्ड ऑफिसला पोचे आणि शीट रोलच्या, म्हणजे सैनिकाच्या मूळ सेवानोंदीच्या, कुटुंबाच्या पानावर तेच नाव कायम होई. मी टंकलेली अशी किती नावे आज कुणाच्या घरी अडचण करत असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही. आपले पत्र वाचताना त्याची आठवण मात्र झाली.

तरीही आपल्या बाबतीत असेच घडले असेल, असे गृहीत धरू नये. चूक तीन ठिकाणी होऊ शकते आणि प्रत्येक ठिकाणची वाट वेगळी आहे. पहिली शक्यता ही, की पार्ट टू ऑर्डर आणि शीट रोलमध्येच माहेरचे नाव आहे. दुसरी अशी, की पुढे कधीतरी सासरच्या नावाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती, शीट रोल बरोबर आहे, पण निवृत्तीच्या वेळी पीपीओत जुनेच नाव गेले. तिसरी शक्यता स्पर्शची. जुन्या निवृत्तिवेतनधारकांची माहिती या प्रणालीत नंतर भरली गेली, आणि कागदी पीपीओत जे स्पेलिंग होते त्याहून वेगळे स्पेलिंग तिथे पडल्याची उदाहरणे आहेत. शीट रोल बरोबर असेल तर आपल्याला नाव बदलून मागायचेच नाही. रेकॉर्ड ऑफिसने आपल्याच नोंदीप्रमाणे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा, एवढीच विनंती करायची असते आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्रांची रास लागत नाही. उलट शीट रोल बरोबर असताना आपण 'नाव बदलून द्यावे' असा अर्ज केलात, तर सरळ असलेले काम आपणच वाकडे कराल. हा फरक न समजल्यामुळे परत आलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून आपले पहिले पत्र दुरुस्ती मागणारे नसावे. ते नोंद मागणारे असावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करावा आणि त्यात तीनच गोष्टी मागाव्यात : आपल्या शीट रोलमधील कुटुंबाच्या तपशिलाच्या पानाची प्रमाणित प्रत, विवाहाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत, आणि पत्नीच्या नावासंबंधी त्यानंतर निघालेली कोणतीही पार्ट टू ऑर्डर असल्यास तिची प्रत. शुल्क १० रुपये असते, ते पोस्टल ऑर्डरने पाठवता येते. प्रतींचे दर पानामागे २ रुपये ते नंतर कळवतात. केंद्र सरकारच्या माहिती अधिकाराच्या संकेतस्थळावरूनही हा अर्ज करता येतो आणि नातवंडांपैकी कुणी हाताशी असेल तर तो मार्ग सोपा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. ही माहिती आपली स्वतःची आहे, त्यामुळे ती त्रयस्थाची म्हणून नाकारण्याचा प्रश्न येत नाही. मात्र ओळख पटावी म्हणून डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची आणि पीपीओची झेरॉक्स सोबत जोडावी. माहिती अधिकाराचे नाव काढले की कार्यालय नाराज होईल, अशी भीती आपल्या पिढीतल्या अनेकांना वाटते. ती सोडून द्यावी. आपण तक्रार करत नाही, आपलाच कागद मागत आहात.

रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आपणास ठाऊक असेलच, पण हे सदर इतरही वाचतात म्हणून सांगतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला. हवाई दलाच्या जवानांच्या नोंदी दिल्लीत सुब्रतो पार्कला आणि नौदलाच्या खलाशांच्या मुंबईत मानखुर्दला असतात. आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय हे रेकॉर्ड ऑफिस नव्हे. तिथल्या माजी सैनिकाच्या ओळखपत्रावर किंवा ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डावर पत्नीचे नाव बरोबर आहे, म्हणून सैन्याच्या मूळ नोंदीतही ते बरोबर झाले, असे होत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे, की काहींना तो पतीच्या निधनानंतरच उमगतो.

प्रती हाती आल्या आणि शीट रोलमध्येच माहेरचे नाव निघाले, असे धरून पुढचे सांगतो. आपल्या वर्णनावरून तीच शक्यता अधिक वाटते. अशा वेळी दोन दिशा असतात. पत्नीचे आधार, पॅन आणि बँक खाते माहेरच्या नावाकडे वळवता येईल, किंवा सैन्याची नोंद सासरच्या नावाकडे आणता येईल. काही मंडळी पहिला मार्ग सुचवतात, कारण आधार केंद्र गावाजवळ असते. मी तो सुचवणार नाही. चाळीस वर्षे जी स्त्री एका नावाने वावरली, जिच्या सात-बाऱ्यावर, बचतगटाच्या वहीत आणि मतदारयादीत तेच नाव आहे, तिने एका रकान्यासाठी इतर सर्व कागद बदलावेत, हे व्यवहाराला धरून नाही. आणि एक कागद बदलायचा राहिला तरी प्रश्न तिथेच उरतो. सैन्याची नोंद बदलावी.

त्यासाठी माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांना जोडणारा एक ठोस पूल लागतो. आपले लग्न १९८२ चे, तेव्हा खेड्यात विवाहनोंदणी सहसा कुणी करत नसे. पण ती आजही करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावपातळीवर ग्रामसेवक हा विवाह निबंधक असतो आणि विलंबाचे शुल्क भरून जुन्या विवाहाची नोंद होते. साक्षीदार म्हणून लग्नाला हजर असलेली माणसे लागतात. आपले मेहुणे किंवा वडीलधारे कुणी असतील, तर त्यांना आत्ताच विचारून ठेवावे, कारण वय त्यांचेही वाढले आहे. पत्नीचे केवळ आडनाव बदलले असते, तर विवाहाच्या दाखल्यावर काम भागण्याची शक्यता मोठी होती. आपल्या पत्नीचे पहिले नावही लग्नात बदलले असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेणे हिताचे. त्याचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. राजपत्राचे ते पान नंतर प्रत्येक कार्यालयात उपयोगी पडते.

प्रतिज्ञापत्रे दोन करावीत, एक आपले आणि एक पत्नीचे, आणि ती प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करावीत. नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र करणे सोपे असते हे खरे. पण ते परत आल्याने दोन महिने वाया गेल्याच्या तक्रारी मी वाचल्या आहेत. मजकुरात अलंकारिक काही नको. विवाहाची तारीख व ठिकाण, पत्नीच्या वडिलांचे नाव, सैन्याच्या नोंदीत आज असलेले नाव त्याच स्पेलिंगसह, आधारवरचे नाव त्याच स्पेलिंगसह, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे विधान, आणि ती आपली एकमेव कायदेशीर पत्नी असल्याचे विधान, एवढे पुरे. स्पेलिंगवर मी इतका भर देतो, कारण बहुतेक प्रस्ताव तिथेच अडखळतात. प्रतिज्ञापत्र टंकण्याआधी पत्नीचे आधार आणि पॅन समोर ठेवून एकेक अक्षर जुळवावे. त्या दोघांतच फरक असेल, तर तो आधी दूर करावा आणि मगच सैन्याकडे जावे. याशिवाय पती-पत्नीचा एकत्र फोटो, दोघांचे आधार व पॅन, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ यांच्या साक्षांकित प्रती लागतात. काही कार्यालये वृत्तपत्रातील जाहीर सूचनाही मागतात. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची यादी थोडी वेगळी असते. त्यामुळे आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आपल्या रेजिमेंटचा चालू नमुना विचारून घ्यावा आणि अर्ज त्याच कार्यालयाच्या शिफारसपत्रासह पाठवावा. हे काम ते विनाशुल्क करतात.

पत्नीच्या जन्मतारखेचा भाग नावाइतकाच महत्त्वाचा आहे, जरी बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर होणारी २० टक्के वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू असते. ८५ ला ती ३० टक्के, ९० ला ४० टक्के, ९५ ला ५० टक्के आणि शंभरीला १०० टक्के होते. हे वय पत्नीचे मोजतात, आणि ते मोजण्यासाठी तिची जन्मतारीख नोंदीत असावी लागते. रकाना रिकामा असेल, तर ती वाढ आपोआप मिळत नाही आणि ८० वर्षांच्या म्हाताऱ्या बाईला पुराव्यांसाठी धावावे लागते.

आता १ जून १९६२ खरी की १ जानेवारी १९६० खरी? खरे सांगायचे तर दोन्ही तारखा कुणीतरी सोयीने लिहिलेल्या वाटतात. शाळा जूनमध्ये उघडत, म्हणून गुरुजींनी पटावर १ जून लिहिलेली अर्धी पिढी आपल्याकडे आहे. आणि आधार नोंदवताना नुसते अंदाजे वय सांगितले, तर प्रणाली त्या वर्षाची १ जानेवारी लावते. तरीही दोहोंचे वजन सारखे नाही. शाळेचा दाखला ही त्या काळात झालेली, दुसऱ्याच्या ताब्यातली जुनी नोंद आहे. आधारवरची तारीख ही मोठेपणी तोंडी सांगितलेल्या वयावरून आलेली आहे. सैन्याच्या नोंदीसाठी शाळेचा दाखला धरावा आणि आधारवरची तारीख त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी. आधारवर जन्मतारीख बदलण्याची संधी सर्वसाधारणपणे एकदाच मिळते, तेव्हा कोणते कागद चालतात ते प्राधिकरणाच्या चालू यादीत पाहूनच केंद्रावर जावे. १९६० ठेवले तर वाढ सुमारे अडीच वर्षे आधी मिळेल, असा विचार घरात कुणी मांडेल. तो मनातून काढून टाकावा. तारीख फायद्याची आहे की तोट्याची, हे न पाहता जी सिद्ध करता येते ती लिहावी. पुढे शाळेचा दाखला कधी समोर आला, तर आज मिळालेली वाढ वसुलीच्या रूपाने परत जाते.

अर्जाचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, कारण तो वाचणारा मराठी जाणणारा असेलच असे नाही. मराठीत त्याचा आशय असा असावा : "मी, सेवा क्रमांक अमुक, हुद्दा हवालदार, अमुक तारखेस भरती व अमुक तारखेस निवृत्त. माझ्या शीट रोलमध्ये व पीपीओ क्रमांक अमुकमध्ये माझ्या पत्नीचे नाव असे नोंदलेले आहे. विवाहानंतर तिचे नाव असे झाले असून सर्व शासकीय कागदपत्रांवर तेच आहे. कृपया या बदलाची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी, तिची जन्मतारीख सोबतच्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे नोंदवावी आणि दुरुस्त पीपीओसाठी प्रस्ताव पाठवावा." एवढेच. सेवेतील पराक्रम, आजार, गावातला त्रास यांना या पत्रात जागा नाही. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, पोच जपावी आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवावी. आपल्या जुन्या पत्राची पोच आपल्याजवळ आहे का, हे आपण लिहिलेले नाही. नसेल तर त्या पत्राचा उल्लेखही करू नये, नव्याने सुरुवात करावी.

रेकॉर्ड ऑफिसने मान्यता दिली, की प्रस्ताव प्रयागराजच्या प्रधान नियंत्रक, संरक्षण लेखा (निवृत्तिवेतन) यांच्याकडे जातो. दुरुस्तीचा जो आदेश निघतो त्याला आपण कॉरिजेंडम पीपीओ म्हणतो. स्पर्शवर आपल्या लॉगिनमधून विनंती नोंदवता येते आणि ती जरूर नोंदवावी, सोबत रेकॉर्ड ऑफिसला दिलेल्या अर्जाची प्रत जोडावी. पण पत्नीच्या नावासारखी मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसच्या पडताळणीशिवाय बदलत नाही, म्हणून स्पर्शवर पुनःपुन्हा तक्रारी टाकून उपयोग होत नाही. नुसती स्पर्शवरचीच चूक असेल, तर मात्र मूळ पीपीओची स्वच्छ प्रत जोडलेली एक विनंती पुरेशी ठरावी. कॉरिजेंडम पीपीओ हाती आला, की त्यातले नाव आणि तारीख पुन्हा एकदा अक्षर अन् अक्षर तपासावी. दुरुस्तीच्या आदेशातच नवी चूक झालेली मी पाहिली आहे.

आठ हजार मागणाऱ्या गृहस्थाविषयी. वरच्या सगळ्या खटाटोपात सरकारला द्यायचे शुल्क किरकोळ आहे. राजपत्राचे, विवाहनोंदणीच्या विलंबाचे, टंकनाचे आणि टपालाचे पैसे सोडले तर खर्चाला जागाच नाही. तो गृहस्थ प्रामाणिक असला, तरी पार्ट टू ऑर्डर काढण्याचा अधिकार त्याला नाही. तो आपल्या वतीने हाच अर्ज पाठवणार. त्यातही त्याने स्पर्शचा पासवर्ड किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला, तर तिथेच उठून यावे.

वकिलाची वेळ अजून आलेली नाही. न्यायाचा दरवाजा उपलब्ध आहे : २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले असून मुंबईत त्याचे खंडपीठ आहे, आणि निवृत्तिवेतनासह सेवाविषयक बाबी तिथे नेता येतात. परंतु आधी खात्याकडे रीतसर निवेदन दिले होते, हे तिथे दाखवावे लागते. निवेदन नाकारले गेले, तर त्या आदेशापासून सहा महिन्यांत जावे. उत्तरच आले नाही, तर निवेदनाला सहा महिने झाल्यानंतरच्या पुढच्या सहा महिन्यांत जावे. म्हणूनच नव्या अर्जाच्या पोचेवरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. नाव दुरुस्तीसारख्या साध्या प्रकरणात तिथपर्यंत जाण्याची पाळी क्वचितच येते.

आणखी एक बाब, जी आपण विचारलेली नाही. आपल्या अपत्यांपैकी कुणी कायमस्वरूपी दिव्यांग असेल, किंवा मुलगी अविवाहित, विधवा वा घटस्फोटित असून आपल्यावर अवलंबून असेल, तर तिची किंवा त्याची नोंद शीट रोलमध्ये आहे की नाही, हे कुटुंबाच्या त्याच पानावर दिसेल. तशी गरज असल्यास त्याचा अर्ज स्वतंत्र करावा, या अर्जात मिसळू नये.

माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाकावा. शीट रोलच्या पानाची प्रत आली, की त्यावर पत्नीचे नाव जसे लिहिले आहे तसे, स्पेलिंगसकट, या सदराच्या पत्त्यावर कळवावे. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यावरून करून पाठवतो. सौ. वहिनींना नमस्कार सांगावा, आणि शाळेचा दाखला शोधण्याचे काम त्यांच्या भावाकडे आजच सोपवावे.